कमरेच्या तीन रेघा

प्रिय भाऊजी,

तुमची पिशवी पोचली. तिचं शेवटी लिहिते, आधी दुसरं आहे. फोनवर हे माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर गिचमिड आहे, सांभाळून घ्या.

चिमी बरी आहे. दोन वर्षांची झाली, तोंड मिटत नाही तिचं. पण तिने लागोपाठ दोनदा पाणी मागितलं की माझ्या हातातलं काम सुटतं. तुमचे दादा शेवटचं वर्षभर असंच पाणी प्यायचे. बाटली तोंडाला लावली की रिकामी करूनच खाली. मी म्हणायची, अहो, पोटात विहीर खणलीय का? बाथरूममध्ये मुंग्या लागायच्या. मी पावडर टाकली. मुंग्या सांगायला आल्या होत्या हो, आणि मी त्यांनाच मारलं.

कोरोना तर आम्हा तिघांनाही झाला, एकाच खोलीत, एकाच आठवड्यात. चिमीचं नाक दोन दिवस वाहिलं. मी चार दिवस खोकले. आणि एवढा ट्रक चालवणारा माणूस, त्यालाच धाप लागली. लोक विचारतात, तोच कसा गेला? मी नशीब म्हणते. पण दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, साखर कधीपासून आहे? मी म्हटलं, छे, त्यांना काही नाही. तपासली तर चारशेच्या वर. बाई म्हणाल्या, पोट सुटलेलं, साखर वाढलेली आणि कुणाच्या ध्यानात नाही, अशा माणसाला हा आजार फार जड जाऊ शकतो.

कुणाच्या ध्यानात नाही. माप घ्यायची टेप माझ्याच गळ्यात होती, भाऊजी. त्यांची खाकी पँट अजून मशीनशेजारी टांगलीय. दीड वर्षात तीनदा कंबर सैल करून दिली. ते हसायचे, लग्न मानवलंय मला. मलाही बरं वाटायचं. शिलाई उसवली तरी सुईची भोकं कापडात राहतात. तीन रेघा आहेत. दुपारी खिडकीतून ऊन आलं की दिसतात, आणि मी तिकडे पाठ करून बसते.

बाई आणखी एक म्हणाल्या होत्या, सख्खा भाऊ असेल तर त्यालाही तपासून घ्यायला सांगा. वर्षभर मी सांगितलं नाही. सांगायचं तर या रेघाही सांगाव्या लागल्या असत्या. काल पिशवी उघडली तर तुमची पँट आणि चिठ्ठी, 'वहिनी, दोन बोटं सैल करा, तुमचा दीर फुगत चाललाय.' आधी हसले, मग उचललेली कात्री खाली ठेवली. पँट तशीच परत पाठवतेय, एक टाकासुद्धा उसवलेला नाही. रागवायचं तर रागवा. पण उद्या उपाशीपोटी जाऊन रक्त तपासा आणि तो कागद मला पाठवा. चिमीला काका एकच आहे. साखर निघाली नाही, तर दोन काय, चार बोटं सैल करून देईन.

कागदाची वाट बघत बसलेली,
तुमचीच वहिनी