मिरचीच्या पथारीवर

नंदुरबार, ८ जानेवारी २०२१

माय,

तुझ्या आणि अण्णांच्या पाया पडते. फोनवर माझी घरघर ऐकली की "पोरी, दम लागी ऱ्हायना का?" म्हणत तू रडतेस, म्हणून हे पत्र. धाकट्या रुपाकडून वाचून घे.

मी बरी आहे. दम्याचा पंप पर्समध्येच असतो. डॉक्टरांनी सांगितलेला पातळ सुती मास्क लावते. दुकानात शेठजींनी मला दाराजवळची खुर्ची दिली, तिथं छान वारा येतो. संक्रांतीला मात्र सुटी नाही. म्हैस व्याली का? अण्णांचा गुडघा कसा आहे?

रुपा, आता पुढचं मनात वाच. मायनं विचारलं तर सांग, अक्षर लागत नाही.

मी खोकते म्हणून कोरोनाच्या भीतीनं मला दाराशी बसवलंय. डबाही एकटीच खाते. सुटी आहे गं, पण एसटीत एवढा वेळ मास्क लावून बसवत नाही. परवा रिक्षात मास्क खाली घेऊन पंप ओढला, तर रिक्षावाला म्हणाला, "बाई, उतरी जाय."

संध्याकाळी मी पथारीवर जाते, जिथं लाल मिरच्या वाळत घालतात. तिथला खकाणा मला विषासारखा आहे, कळतं मला. पण तिथं सगळेच खोकतात, माझ्याकडे कुणी वळून बघत नाही. काल मिरच्या निवडणाऱ्या एका म्हातारीनं स्वतः खोकत खोकत माझ्या पाठीवरून हात फिरवला. मार्चपासून मला कुणी हात लावला नव्हता.

आता परत मोठ्यानं वाच.

माय, इथं माणसं फार मायाळू आहेत.

तुझी,
काजल