चुन्याची पृथ्वी

१० जानेवारी १९४४
आजपासून रोजनिशी. रोज, न चुकता.
सहावीला अक्षवृत्तं-रेखावृत्तं तिसऱ्यांदा शिकवली. फळ्यावर सुरेख आकृती काढली. कृष्णात नावाचं एक पोरगं आहे, त्याने हात वर केला. म्हणाला, मास्तर, ह्या रेघा समुद्रावर बी हायत, मग जहाजं थटत कशी न्हाईत? मी म्हटलं, त्या काल्पनिक असतात. तर म्हणाला, म्हंजे न्हाईतच की, मग पाठ कशाला करायच्या? वर्ग फिदीफिदी हसला. शी! या पोरांपुढे पृथ्वी ठेवणं म्हणजे पृथ्वीचा अपमान.
पण थोडे दिवस. सांगलीच्या हायस्कुलात येत्या जूनपासून भूगोलाची जागा रिकामी होतेय. सेक्रेटरी म्हणालेत, डेप्युटी इन्स्पेक्टरांनी तुमचा पाठ पाहून चांगला शब्द टाकला की जागा तुमची. साहेब २८ तारखेला येणार. जागा मिळाल्यातच जमा.
अंजनालाही सुटल्यासारखं होईल. लग्न झाल्यापासून दोन वर्षं सांगलीला माहेरीच आहे. विट्याजवळच्या या खेड्यात पाय ठेवणार नाही म्हणते. बिचारीला माझे इथले हाल बघवत नाहीत.

११ जानेवारी
सरकारने लढाईपायी घड्याळं तासभर पुढे केली, त्याला वर्ष उलटून गेलं. मी ते मान्य केलेलं नाही. नव्या टाइमाप्रमाणे आपण रंगूनच्या आसपास येतो. मी रंगूनला राहत नाही. जुना टाइम तरी कुठला? अलाहाबादकडचा. हे गाव तिथून आठ अंश पश्चिमेला, अंशाला चार मिनिटं, म्हणजे आणखी अर्धा तास. म्हणून माझं घड्याळ शाळेच्या घड्याळापेक्षा दीड तास मागे असतं. अख्ख्या जिल्ह्यात बरोबर चालणारं हे एकच घड्याळ.
हेडमास्तर आप्पासो म्हणाले, आवं मास्तर, गाव एका टाइमावर, शाळा दुसऱ्या टाइमावर, तुमी तिसऱ्याच. शाळेची घंटा माझ्या खोलीत ऐकू येते, त्यावर रोजचं भागतं. बाकी अज्ञानाशी तडजोड नाही.

१३ जानेवारी
नवी मेथड! शाळेचा पृथ्वीगोल वाळवीने खाल्लाय, दक्षिण अमेरिका तेवढी उरली आहे. म्हणून एक काळं मडकं आणलं, पालथं घातलं आणि चुन्याने त्यावर सगळी वृत्तं आखली. हात दुखून आला. पण काय देखणी पृथ्वी! वाळायला कुडाशी ठेवली आहे.

१४ जानेवारी
पृथ्वी गेली. घरमालकीण हरणाबाईंनी ती उचलून वांग्याच्या वाफ्यात काठीवर टांगली. दिष्ट लागू ने म्हणून. मी म्हटलं, बाई, तो भूगोल आहे. त्या म्हणाल्या, असू दे की, चुना झकास लावलायसा, येक काजळाचा ठिपका राहिला हुता, तो मी दिला.
ठिपका नेमका विषुववृत्तावर. बघून किळस आली. जेवलो नाही. मग वांग्याची भाजी आली तेव्हा थोडा जेवलो.

१७ जानेवारी
विचाराअंती कळलं, मडकं मुळातच लहान होतं. माझ्या कल्पना मोठ्या आहेत, त्यांना जागा लागते. पृथ्वी आता शाळेच्या मैदानावर काढणार. मधून उभी रेघ, आपल्या जवळून जाणारं ७५ अंश पूर्व रेखावृत्त. दोन्ही अंगांना एकेक रेखावृत्त. आडवं विषुववृत्त, त्याच्या वर चार अक्षवृत्तं, खाली चार. पोरांनी त्यावरून चालायचं आणि स्थान सांगायचं. साहेब थक्क होणार.

२० जानेवारी
आखून झाली. दोरी, खुंट्या, दोन घमेली चुना. पाठ मोडली.
आप्पासो येऊन बघत उभे राहिले. म्हणाले, मास्तर, हे तर आट्यापाट्यांचं मैदान झालं. मधली रेघ सूर, आडव्या नऊ पाट्या, बरोबर हाय. मी थंडपणे म्हटलं, हा पृथ्वीचा निम्मा भाग आहे. ते म्हणाले, व्हय, पर पाट्या लय सरळ आल्यात. यांच्यापुढे काय बोलणार! ज्याला त्याला आपल्या डोक्याएवढंच दिसतं. मी आयुष्यात आट्यापाट्या खेळलेलो नाही. लहानपणी उन्हात गेलो की ताप यायचा.

२२ जानेवारी
मधल्या सुट्टीत पोरं खेळताना सापडली. माझ्या अक्षवृत्तांवर! प्रत्येक वृत्तावर एकेक दांडगट हात पसरून उभा, आणि बाकीचे हुलकावण्या देत उत्तर ध्रुवाकडे पळतायत. कर्कवृत्त पार पुसलं. छड्या दिल्या. सक्त ताकीद दिली की या रेघांना नावं आहेत, ती घेतल्याशिवाय पाय ठेवायचा नाही.
पुन्हा चुना. यापुढे मैदानावर जातीने लक्ष ठेवायचं.

२५ जानेवारी
लक्ष ठेवणं जमलं नाही, कारण दुपारी डोळा लागला. उठलो तर खेळ जोरात. आता ओरडतात, मकरवृत्त फोडलं रं! जैनुद्दीन, कर्कावर ध्यान दे! ऐकून अंगावर शहारे आले. चांगले नव्हेत, दुसरे. शास्त्राची इतकी विटंबना मी कुठे पाहिली नाही.

२७ जानेवारी
उद्या साहेब. निरोप आला, सकाळी आठला पोचतो. आठ म्हणजे शाळेची घंटा व्हायच्या आधी. मी साडेसातलाच हजर राहणार, अर्धा तास हातात ठेवून. घड्याळाला किल्ली दिली. कोट उशाखाली घातला, इस्त्री होईल.
अंजनाला निरोप पाठवला, बिऱ्हाडाचं सामान जमवायला घे.

२८ जानेवारी, संध्याकाळ
लिहवत नाही.
बरोबर साडेसातला शाळेत पोचलो. माझ्या साडेसातला. तिथे नऊ वाजून गेले होते. साहेब येऊन तास झालेला.
मैदानावर ही गर्दी. विषुववृत्तावर, कोट काढून, धोतराचा काचा मारून, हात पसरून कोण उभं? डेप्युटीसाहेब! तरुणपणी सूर धरायचे म्हणे. कृष्णातने त्यांना हूल देऊन चकवलं तर नाराज होण्याऐवजी त्याची पाठ थोपटली. मग विचारलं, बाळ, कर्कवृत्त म्हणजे काय? कृष्णात म्हणाला, तितं जैनुद्दीन हुबा असतो जी, त्याच्यातनं सुटंल त्योच खरा गडी. साहेब हसून हसून खोकायला लागले.
मी पाठ घ्यायला पुढे झालो. म्हणाले, राहू द्या मास्तर, बघायचं ते बघितलं. असं मैदान जिल्ह्यात नाही.
मग आप्पासोंबरोबर दोन डाव खेळले आणि गेले. शिक्षणखात्याचा तिटकारा आला.

३० जानेवारी
शांतपणे विचार केला. "असं मैदान जिल्ह्यात नाही" यात सगळं आलं. जाणकाराला पाठ बघावा लागत नाही. जागा नक्की.

२३ एप्रिल
सांगलीला जाऊन सेक्रेटरींना भेटलो. फार आदराने बसवलं. म्हणाले, साहेबांनी तुमची तोंड भरून शिफारस केलीय, जूनपासून या. मी भूगोलाच्या पुस्तकांबद्दल विचारलं. म्हणाले, भूगोलाला माणूस मिळाला, तुम्ही खेळ आणि कवायत घ्यायची, आम्हाला आट्यापाट्यांची टीम उभी करायचीय.
उठून निघून येणार होतो. तेवढ्यात चहा आला.
अंजनाला सांगितलं, मी हे पत्करणार नाही. ती म्हणाली, मग त्या खेड्यातच राहा, मी काही तिथे येत नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं. हाल बघवत नाहीत, असली काही भाषा नव्हती. नुसतं पाणी.
होकार दिला. भूगोल पुढेमागे मिळेलच.

१२ जून, सांगली
सासऱ्यांच्या घरी उतरलोय. अंजनाने पहाटे हलवून उठवलं. कवायत साडेसहाला. माझ्या घड्याळात साडेचार. म्हटलं, पुष्कळ वेळ आहे.
तिने घड्याळ उचललं, काटे फिरवत फिरवत सहावर आणले आणि परत माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, आता आपण रंगूनला राहतो. ती म्हणाली, राहू या की. आणि शिट्टी दोरीत ओवून माझ्या गळ्यात घातली.
वेळेवर पोचलो. मैदानात पोरं चुन्याचं घमेलं घेऊन उभी होती. पहिली रेघ कुठनं मारू, मला विचारत होती.