शकीलाबींचा ताप

मंगळवार, संध्याकाळ. चांदूर बाजार

शकीलाबींची बकरी पुन्हा गाभडली, दिवस भरण्याआधीच मेलेलं पिल्लू पडलं, म्हणून तपासायला गेलो होतो. बकरी सावरेल. पण त्या बाईचा ताप डोक्यातून जात नाही. महिनाभर रोज संध्याकाळी चढतो, पहाटे घामाने उतरतो, सांधे ठणकतात. टायफॉइडच्या गोळ्या खाऊन झाल्या.

मी विचारलं, "मागच्या वेळी मेलेलं पिल्लू ओढलं कोणी?"

"म्याच. बांगड्या काढल्या अन् हात घातला."

बांगड्या काढायचं आठवलं, हातमोज्यांचं नाही! बकरीचाच आजार त्या हातातून आला असेल का? मी सुनावलं, जनावराचा आजार माणसाला होतो, मोजे घालत जा. ती शांतपणे म्हणाली, "मंग डॉक्टरसाहेब, तुमी आता काहून नाई घातले?"

मोज्यातून हाताला नीट कळत नाही, म्हणून इतकी वर्षं मी घड्याळ काढतो आणि हात घालतो. तिच्या बांगड्या, माझं घड्याळ.

आणि हे संध्याकाळी दुखणारे गुडघे? मी वयाच्या नावावर खपवत होतो. आत्ताही अंग कोमट लागतंय, की नुसतीच धास्ती?

उद्या तपासणीला रक्त पाठवायचं. एक नळी बकरीची, एक शकीलाबींची. तिसरीवर माझं नाव.