नानांची गाडी आणि हवेचं पेट्रोल

मल्लेश्वरम, बंगळुरू
आश्विन वद्य तृतीया

तीर्थस्वरूप व्यंकोजीराव यांस त्रिविक्रमचा नमस्कार पावावा. (तुम्ही माझ्याहून दीडच वर्षानं मोठे, पण बायकोचे थोरले भाऊ आहात आणि निपाणीतल्या पेट्रोलपंपाचे मालक आहात, तेव्हा तीर्थस्वरूप म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.)

गुडघा कसा आहे? दिवसभर पंपावर उभं राहणं कमी केलंत का? केलं नसेलच. इकडे तुमच्या मातोश्री ठणठणीत आहेत. श्रीविद्या रागावलेली आहे, म्हणजे तीही ठणठणीत आहे. मला मात्र नवरात्र बसल्यापासून जे पडसं झालं आहे ते अजून हललेलं नाही. नाक हा अवयव सध्या केवळ चष्मा टेकवण्यापुरता उरला आहे. हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

दसऱ्याला व्हिडिओ कॉलवर तुम्ही ‘बास, समजलं’ म्हणून फोन ठेवलात आणि संध्याकाळी अभिमन्यूला निरोप आला, की दिवाळी झाली की होसकोट्याची नोकरी सोडून पंपावर यावं. तुमचं चुकलं असं कोण म्हणेल? तुम्हा बापलेकांत ठरलंच होतं तसं: तुमच्या वडिलांची, नानांची, जुनी गाडी त्यानं स्वतःच्या तेलावर आमच्या घरापासून यशवंतपूर स्टेशनपर्यंत नेऊन दाखवायची, नाहीतर मुकाट्यानं घरी यायचं. गाडी चाळीस पावलं गेली. (मी मोजली आहेत. गाडी ढकलत परत आणताना मोजायला सवड मिळते.) तेव्हापासून तुमचा मुलगा दोन घास खाऊन ताटावरून उठतो, आणि ‘आत्तोबा, कुठे चुकलं असेल हो?’ असं मला विचारतो. मला, म्हणजे ज्याला सायकलची चेन बसवता येत नाही त्याला. तुम्हीही कळवलं आहे, की झालं काय ते सविस्तर लिहा. म्हणून हा प्रपंच.

तो काय करतो हे आधी सांगतो, कारण तुम्हाला ते समजलं आहे असं त्याला वाटतं आणि त्याला वाटतं ते सहसा खरं नसतं. दोन वर्षं तो आमच्याकडे राहतो आहे, म्हणजे दोन वर्षं मी हा विषय इडलीबरोबर खातो आहे. होसकोट्याला त्यांची एक पत्र्याची मोठी शेड आहे. तिथे मद्याच्या कारखान्यातून सुटणारा वायू आणतात, म्हणजे आपण उच्छ्वासात सोडतो तोच. पाण्यात सौर वीज सोडून त्यातला हायड्रोजन वेगळा काढतात. मग त्या दोघांना दाबाखाली, उष्णतेत, एका भुकटीच्या साक्षीनं एकत्र आणतात (माझंही लग्न साधारण अशाच परिस्थितीत झालं), आणि पलीकडून थेंब थेंब पेट्रोल येतं. जमिनीतून काही उपसायचं नाही. गाडीनं जितका धूर सोडावा, तितका पुन्हा पकडून त्याचं तेल करावं. मी तीस वर्षं पोरांना न्यायशास्त्र शिकवतो. आमच्याकडे धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. तुमचा मुलगा धुरापासून इंधन करतो. शास्त्रदृष्ट्या मला यात खोट काढता आली नाही, आणि याचाच मला विशेष त्रास होतो.

खोट श्रीविद्येनं काढली. ती बँकेत असल्यामुळे तिला शास्त्र लागत नाही. ती म्हणाली, एवढी वीज खर्चून तेल करायचं, ते तेल जाळायचं, त्यातलं बरंचसं इंजिन तापवण्यात घालवायचं. त्यापेक्षा तीच वीज बॅटरीत भरली तर गाडी चार-पाच पट लांब जाईल. अभिमन्यूनं हे नाकारलं नाही. तो एवढंच म्हणाला, ‘आत्या, नवी गाडी घेणाऱ्यानं बॅटरीचीच घ्यावी. पण ज्या कोट्यवधी गाड्या आधीच रस्त्यावर आहेत, त्यांचं काय? विमानांचं काय? त्या सगळ्या काय कढईत तळायच्या?’ यावर श्रीविद्या नानांच्या गाडीकडे बघून म्हणाली, की तळायला तिची हरकत नाही, सुरुवात हिच्यापासून करावी. मी तटस्थ राहिलो. आमच्या रस्त्यावर विजेची गाडी, पेट्रोलची गाडी आणि तुळशीबागेतून आणलेली चावीची गाडी, तिघी एकाच वेळी सिग्नलला पोचतात. तिथे इंधनावर वाद घालणं म्हणजे निव्वळ वेदान्त.

आता मुद्द्याचं. अभिमन्यूनं नवमीच्या आदल्या दिवशी होसकोट्याहून एक लिटर तेल आणलं. एकच. त्यांच्या शेडमध्ये तेवढं व्हायला बराच वेळ लागतो, आणि हे त्याला वरिष्ठांच्या हातापाया पडून मिळालं होतं. पाण्यासारखं स्वच्छ, रंग म्हणून नाही. ॲल्युमिनियमच्या डब्यात होतं आणि डब्यावर कवटीचं चित्र होतं. इथे नवमीला आयुधपूजा किती कडक असते हे तुम्हाला माहीतच आहे. बसपासून सुतळीच्या कात्रीपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. आईंनी ठरवलं, नातवाचं तेलही पूजेत हवं, पण कवटी देवासमोर चालणार नाही. म्हणून मी ते तेल तांब्याच्या बाटलीत ओतलं. (तुमच्या पुतणीच्या लग्नात आहेर म्हणून वाटलेल्या त्या बाटल्या. आमच्याकडे दोन आल्या.) दुसऱ्या बाटलीत आईंचं काशीचं गंगाजळ आहे, त्यांची जुनी लोटी गळायला लागली तेव्हा श्रीविद्येनं ते त्यात काढून ठेवलं होतं. घोटाळा होऊ नये म्हणून मी दूरदृष्टीनं तेलाच्या बाटलीवर खूण केली. कुंकवाचा एक ठळक टिळा.

भटजी आले. गाडीला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, सगळं यथासांग. त्यांनी शुद्ध उदक मागितलं, आईंनी दिलं, त्यांनी आंब्याच्या पानानं गाडीवर, मिक्सरवर, शिलाई मशिनवर आणि अभिमन्यूच्या लॅपटॉपवर हात सैल सोडून शिंपडलं. नंतर आरतीच्या वेळी कापूर काही पेटेना. वारा होता, वर पावसाचे तुषार पडत होते. तीनदा विझला. मी भटजींच्या कापराला नावं ठेवली, तेही चिडले आणि नुसत्या घंटेवर आरती उरकली. दुसऱ्या दिवशी श्रीविद्येनं चटणी वाटली ती टाकून द्यावी लागली. मिक्सरला म्हणे गॅरेजचा वास येत होता. मला कसलाच वास येत नसल्यामुळे मी तिला संशयी म्हटलं. ते अजून भोवतं आहे.

दसऱ्याला सकाळी परसू मेकॅनिक आला. तो बेळगावकडचा, आपल्यातलाच, यशवंतपूरला त्याचं गॅरेज आहे. त्यानं टाकी थेंबभर न ठेवता रिकामी केली. अभिमन्यू तुम्हाला दाखवायला फोन धरून उभा होता, म्हणून तेल ओतायचा मान मला मिळाला. देव्हाऱ्याजवळून बाटली आणली, ओतली. तुम्ही तिकडून म्हणालात, ‘अहो, सांडू नका, माझ्या पंपावरचं नाही ते.’ सगळे हसले. गाडी सुरू झाली, आई रडल्या, आणि चाळीस पावलांवर शहाळीवाल्यासमोर गाडी दोन उचक्या देऊन थांबली. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत ‘एनु सार, स्वल्प मुंदे होगी’ म्हणत होता. पुढे जायचीच तर आमचीही इच्छा होती. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, बास, समजलं.

तर असं झालं. माझं मत विचाराल तर तुमचा निर्णय योग्यच असावा. तयार पंप आहे, घरचं माणूस हवंच आहे. आईंचे आशीर्वाद, श्रीविद्येचा नमस्कार. लोभ आहे तो असाच राहू द्यावा; यापुढचा मजकूर वाचल्यावर विशेष.

तुमचा,
त्रिविक्रम

ता. क. वरचं सगळं श्रीविद्येनं वाचलं आणि पाकीट चिकटवायला मला देऊन ती भाजीला गेली. आता खरं लिहितो. त्या दिवशी परसूनं गाडी गॅरेजात नेऊन टाकी उघडली आणि मला एकट्याला बाजूला घेतलं. म्हणाला, ‘सर, ह्यात पाणी हाय.’ मग तळहात पुढे केला. त्यावर तुळशीचं पान होतं. नवमीला आईंनी घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंना कुंकू लावलं होतं, त्यात दोन्ही बाटल्या आल्या. म्हणजे टाकीत मी काशीचं गंगाजळ ओतलं, गाडी चाळीस पावलं गेली ती कार्बोरेटरमधल्या जुन्या पेट्रोलवर. आणि भटजींनी ज्यानं माझा संसार शिंपला, ते तुमच्या मुलाचं तेल. (त्या वाऱ्याला आणि तुषारांना मी आता रोज सकाळी हात जोडतो.) अभिमन्यूचं तेल नापास झालं नाही, व्यंकोजीराव. ते परीक्षेला बसलंच नव्हतं. हे मला आठ दिवस माहीत आहे, आणि आठ दिवस तो पोरगा ताटावरून उठतो ते मी बघतो आहे. त्याला परत बोलावू नका.

ता. क. २. आठ दिवस गप्प का बसलो, तर ते गंगाजळ आईंनी स्वतःच्या शेवटच्या क्षणासाठी राखलं होतं. सध्या त्या बाटलीत कावेरीचं, म्हणजे नळाचं, पाणी आहे. ते मी भरलं. तुमच्या देवघरात दुसरी लोटी आहे. त्यातलं थोडं कुणालाही न सांगता कुरिअरनं माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवा. पत्र लिहिण्याचं मूळ कारण हेच होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

ता. क. ३. पाकीट पुन्हा फोडलं आहे. गंगाजळ पाठवू नका. काल आईंनी परसूला फोन करून त्याच्याकडून सगळं काढून घेतलं, आणि मला, अभिमन्यूला व श्रीविद्येला समोर बसवून ऐकवलं. श्रीविद्या काय बोलली ते पत्रात मावणार नाही. अभिमन्यूनं तीन वेळा भात मागून घेतला. भटजींच्या हातून बाटलीत निम्मं तेल उरलं होतं. आज सकाळी परसूनं कार्बोरेटर धुऊन बाटलीतून थेट नळी जोडली. अभिमन्यूनं गाडी हाकली, पुढे आई, मागे मी. यशवंतपूर स्टेशनला वळसा घालून परत आलो. शहाळीवाल्यापाशी तेल संपलं, तिथून चाळीस पावलं ढकलली, तेवढी मला पाठ आहेत. आई म्हणाल्या, गंगाजळ आणि तुळशीपत्र तोंडात पडूनही जी उठून बसली, तिचं आयुष्य अजून आहे, तळणाऱ्यांनी कढई खाली उतरवावी. मग त्यांनी बाटलीच्या तोंडाचा वास घेतला आणि म्हणाल्या, व्यंकूच्या पंपासारखाच येतो की. तुम्हाला विचारायला सांगितलं आहे: पंपावर एखादी नळी मोकळी आहे का?