आपलंच घर समजा

३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. प्रवास झकास झाला, हवा छान आहे, खोली ऐसपैस मिळालीय. घर मात्र बघितलं आणि हसू आवरेना. तसं घर वाईट नाही. जाड भिंती, कौलारू छप्पर, घडीव लाकडाचे खांब, सगळं जुन्या पद्धतीचं आणि ठणठणीत. पण त्यात राहणाऱ्या दोघांनी त्याची काय दशा केलीय! खांबांना चॉकलेटी ऑइलपेंट, पडवीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि मागच्या अंगणात सिमेंटचे दोन बगळे. त्यातल्या एकाला चोच नाही. हे काढावे लागतील म्हटलं, तर मालकीणबाई म्हणाल्या, तुम्हाला आवडत नसतील तर काढा की. इतकी वर्षं सांभाळलेले बगळे असे निकालात काढले बाईंनी.

काम मजेचं आहे. मागच्या अंगणात बसायची जागा, उघड्यावरचं स्वयंपाकघर, वेलींचा मांडव, झोपाळा आणि गॅरेजच्या वर पाहुण्यांसाठी स्वतंत्र बिऱ्हाड. काम संपेपर्यंत माझा मुक्काम इथेच. बायकोने फोनवर बजावलं, "निदान पहिल्या दिवशी तरी कुणाला गाढव म्हणू नकोस." ठकीने फोन हिसकावून घेतला आणि बाबा, बाबा करून कान किटवले. सहा वर्षांची झाली तरी एका दमात दहा वेळा बाबा म्हटल्याशिवाय तिचं वाक्य पुढे सरकत नाही. पोरीची आठवण येते.

५ नोव्हेंबर

मालक-मालकीण म्हणजे अगदी कहर आहेत. रंग दाखवा, फरशी दाखवा, दिवे दाखवा, उत्तर एकच: तुम्हाला काय आवडतं? स्वतःची आवड म्हणून काही नाहीच. फरशी बघायला दुकानात चला म्हटलं, तर दोघं फाटकापर्यंत आले आणि तिथेच घुटमळले. शेवटी नमुने मीच गाडीत घालून आणले. आळशीपणाला काही मर्यादा?

मग चहा पिताना मालकांनी ते ठरलेलं वाक्य टाकलं. आपलंच घर समजून करा. हे सगळेच म्हणतात, आणि दुसऱ्या मिनिटाला सासूबाईंच्या पसंतीचा गुलाबी रंग पुढे करतात. मी मान डोलावली. पण यांना तेवढ्याने भागेना. म्हणाले, नुसती मान नको, तोंडाने म्हणा. मग मीही नाटकातल्यासारखा छातीवर हात ठेवून, आवाज चढवून म्हणालो, "हे आपलंच घर!" गवंडी फिदीफिदी हसला. मालकीणबाईंच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. ध्यानं आहेत एकेक.

१२ नोव्हेंबर

बगळे गेले. खांब खरवडून तेलपाणी केलं, आतून असं सुरेख लाकूड निघालं की रंग फासणाऱ्याला फटके द्यावेत. काळ्या दगडाचा बसायचा कट्टा झाला, जुन्या तुळईला झोपाळाही लागला. वरच्या बिऱ्हाडाला मी अंगणाकडे मोठी खिडकी ठेवलीय. खरं सांगायचं तर सगळं मी माझ्याच आवडीने करतोय. यांना विचारून उपयोग काय? भिंतीला विचारलेलं बरं.

आज दोघं चक्क बाहेर गेले. संध्याकाळी आइस्क्रीम खात परत आले, चपला चिखलाने माखलेल्या, आणि हसतायत शाळेतल्या पोरांसारखे. जन्मात रस्ता बघितला नव्हता की काय!

बायकोचा फोन आला. तुम्ही जेवलात का, म्हणाली. लग्नाच्या आधीपासून मला अरे-तुरे करणारी बाई. रुसली असणार. या रविवारी जाऊन येतो.

१६ नोव्हेंबर

घरी गेलो होतो. किल्ली कुलपात फिरेना. बेल वाजवली. बायकोने दार उघडलं, ओळखीच्या माणसाकडे बघून हसतात तशी हसली आणि मला सोफ्यावर बसवलं. पाणी आणलं ते ट्रेमधून, पाहुण्यांसाठीच्या ग्लासात. म्हणाली, आपण यांच्या कामावर असता ना? हे अजून बाहेरगावीच आहेत, आल्यावर निरोप देते.

मी म्हटलं, पुरे झाली चेष्टा. ती घाबरली. खरंच घाबरली. मला वीस वेळा रडवून एकदाही न घाबरलेली बाई. ठकी तिच्या मागे लपून बघत होती. मी हात पुढे केले तर ती आईला आणखी चिकटली. बायको तिला म्हणाली, काकांना टाटा कर.

केला तिने टाटा.

रागाने लालबुंद होऊन परत आलो. वर मी आधी "घरी परत आलो" असं लिहिलं होतं. ते खोडलंय.

१८ नोव्हेंबर

दोघं बॅगा भरतायत. मी जाब विचारला. मालकांनी शांतपणे सांगितलं, लपवाछपवी काही केली नाही. हे घर बाहेरच्या माणसाला हवं तेव्हा जाऊ देतं. ज्याने आपलं म्हटलं त्याचं दुसरं घर आधी ठेवत नाही, आणि मग त्यालाही सोडत नाही. मालक इथे कौलं शाकारायला आले होते. कौतुकाने एकदा म्हणून गेले, आपलंच घर वाटतं. बाई त्यांना शोधत आल्या, समोर असून ओळखेनात; त्यांनीही घर आपलं म्हटलं तेव्हा ओळख पटली, आणि त्याही अडकल्या. परक्या कुणी आपलं म्हटलं तरच आधीचे सुटतात.

मी विचारलं, मीच का? तर हा माणूस, ज्याला मी इतके दिवस गाढव समजत होतो, तो म्हणाला, "आधी पुष्कळ आले. म्हणायचे, पण मनातून परकेच राहायचे. तुम्ही आल्या आल्या सगळ्याला नावं ठेवलीत. नावं ठेवणारा माणूस घर फार लवकर आपलं करतो."

मालकीणबाईंनी माफी मागितली. मग दोघं फाटकातून गेले. मागे वळूनही बघितलं नाही, हलकट!

२० नोव्हेंबर

फाटकापर्यंत जाता येतं. पुढे पाय उचलत नाही. दुखत नाही, कुणी धरत नाही, नुसता उचलत नाही. भिंतीवरून बघितलं, परसातून बघितलं — तेच.

गवंडी खुशाल येतो-जातो. आज मला मालक म्हणाला. मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, बरं मालक.

२३ नोव्हेंबर

बायकोला फोन केला. ओरडलो नाही. गोड बोललो. म्हटलं, तुमचे हे इथेच कामावर आहेत, पाहुण्यांसाठी वर छान बिऱ्हाड आहे, झोपाळा आहे, लेकीला घेऊन या. समोरासमोर बघितलं तर ओळखेल, एवढीच आशा. ती म्हणाली, ठकीला झोपाळा फार आवडतो, येऊ आम्ही.

फोन ठेवून मी आनंदाने रडलो. आणि मग आठवलं — ठकी. आवडलेल्या प्रत्येक गोष्टीला ती काय म्हणते? दुकानातली बाहुली, शेजाऱ्यांचं मांजर, बागेतलं झाड. आपलं. हे पण आपलं, ते पण आपलं.

काय करून बसलो मी!

परत फोन केला. उचलत नाही. परत —

२९ नोव्हेंबर

आल्या. ओळख नाही. बायको म्हणाली, किती सुंदर केलंय आपण.

मी म्हटलं भिकार आहे. ओल येते, विंचू निघतात, झोपाळ्याच्या कड्या कच्च्या आहेत, जा. माझ्या हातचं इतकं चांगलं काम, आणि मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. बायकोचा चेहरा पडला. पडू दे. अपमान कर, पण घालवून दे त्यांना.

पण मध्येच तोंडातून आपोआप निघायला लागलं — या, बसा, आपलंच घ — दाताखाली जीभ धरली. पळत वर आलो. दार लावलं. लिहीत राहिलो की तोंड बंद राहतं. म्हणून लिहितोय.

खिडकीतून दिसतंय. बायकोने पिशवी उचलली. शाबास. चिडलीय. निघ, बाई, निघ —

ठकी झोपाळ्यावरून उतरत नाही. उंच झोका — हसतेय — आईला काहीतरी सांगतेय, ऐकू येत नाही —

थांबली. वर बघतेय. माझ्याकडे. परक्याकडे बघतात तसं नाही.

धावत सुटली. जिन्यावर पावलं —

दार वाजवतेय. काका नाही म्हणाली. बाबा म्हणाली. हे ऐकायला जीव टांगणीला लागला होता माझा, आणि आता — देवा, ओळखलं म्हणजे खाली तिने —

बाबा, दार उघड ना. बाबा, बाबा, आपल्या —