टॉर्च धरणारी

प्रिय मॅरिट,

अक्षर एवढं मोठं बघून हसू नकोस. खोक्यांवर नावं घालायचा जाड पेन घेऊन लिहितेय, त्याचं कारण पुढे येईलच. फोन केला असता, पण आपला फोन स्वयंपाकघरात आणि तुझ्या बापाची खुर्ची फोनला चिकटून. शिवाय फोनवर तू "बोल आई, पटकन बोल, विजेच्या खांबावर चढायचंय" म्हणतेस आणि माझं खरं बोलणं राहूनच जातं.

इकडचं बरं म्हणायचं. रानातल्या हकलबेरी यंदा अस्वलांनीच खाऊन उरकल्या, मला जेमतेम एका बरणीपुरत्या मिळाल्या. वरच्या कुरणावर हिमाचा थर धरायला लागलाय. शेजारचा रॅस्मस लाकडं फोडून द्यायला आला आणि अर्ध्यात ओंडक्यावर बसून राहिला. मग मीच त्याला कॉफी पाजून घरी पाठवलं. आम्ही सगळेच थकलोय गं. सकाळी डोळे उघडले की पहिला विचार येतो तो परत आडवं कधी होता येईल याचा. तक्रार करत नाहीये, आहे ते सांगतेय.

मूसच्या शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत तुझं नाव निघाल्यापासून तुझ्या बापाचं काय झालं होतं, ते तू बघायला हवं होतंस. टपाल घेऊन येणाऱ्या बाईलासुद्धा थांबवून सांगत होता, "पोरगी शाळेत होती तेव्हापासून अर्ज भरतेय, आता कुठे चिठ्ठी निघाली!" ती बिचारी गाडीचं इंजिन चालू ठेवून मान डोलवत बसली. त्याच दिवशी त्याने तुझ्यासाठी आजोबांची पस्तीस कॅलिबरची रायफल काढून पुसली. पण ज्या जड गोळीवर त्या रायफलीची सगळी मदार, ती गोळी कारखान्याने बनवणंच बंद केलंय. म्हणजे नवी गोळी आणि नव्याने जुळवाजुळव. मी म्हटलं, "अरे हॅलवर, दुकानातून तयार काडतुसांचं खोकं आण की." माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला परक्याचे दात लावायला सांगितले.

तर सबंध उन्हाळा तेच चाललं. बंदुकीची दारू चिमूटभर कमी, चिमूटभर जास्त, गोळी जरा आत, जरा बाहेर. प्रत्येक प्रकाराची थोडी काडतुसं भरायची, खडीच्या खाणीत जाऊन कागदावर झाडायची आणि तोंड वाकडं करून परत यायचं. भोकं कागदभर पसरलेली. मी विचारायचे, "काय म्हणते नवी सूनबाई?" तो म्हणायचा, "रुसलीय." ऑगस्ट सरता सरता मात्र एके दुपारी कागद नाचवत आला. सगळी भोकं एकमेकांना चिकटलेली, वर बशीतलं बिस्किट ठेवलं तरी झाकली जातील. मॅरिट, त्या दिवशी तो मला लग्नात दिसला होता तसा दिसला. मला बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. आता तुझ्या काडतुसांचं खोकं भरायचं होतं.

आपल्या शेडमधली रीत तुला माहीत आहे. टेबलावर दारूचा एकच डबा. तो मापाने काडतुसांच्या पुंगळ्यांत दारू भरणार, मधूनमधून वजनकाट्यावर तपासणार, आणि फळीवर पुंगळ्यांची रांग भरली की हात मागे घेणार. मग मी टॉर्च घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकावणार आणि "बघितलं" म्हणणार. ते म्हटल्याशिवाय त्याने एकही गोळी बसवलेली नाही. मला शिकारीतलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळतं, की एक पुंगळी रिकामी राहिली तर बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या नुसत्या टोपीच्या धक्क्याने गोळी नळीत जाऊन अडकते, आणि तिच्यामागे दुसरी झाडली की रायफल तोंडावर फुटते. रॅस्मसचा उजवा डोळा असाच गेला, आणि ती काडतुसं त्याने भरलेली नव्हती, मेव्हण्याने दिली होती. तेव्हापासून तुझ्या बापाचा नियम पक्का: दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही, मग तो कितीही जिवाभावाचा असो.

आता माझं सांगते. माझ्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडेकडेचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही. कॅलिस्पेल शहरातला डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, वाढण्याचा वेग कमी करता येईल, गेलेलं परत येणार नाही. वसंतात डाग लहान होता. उन्हाळाभर मी मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून पुंगळ्या बघायचे आणि दिसायच्याही. तुझ्या बापाला सांगितलं नाही. त्याने सगळं थांबवलं असतं, आणि त्याच्याकडे आता दुसरं उरलंय काय?

तुझ्या खोक्याच्या दिवशी फळी समोर आली. मी टॉर्च धरला, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. नुसता धुरकट ठिपका. तो हात मांडीवर ठेवून वाट बघत होता. "बघितलं" हा शब्द जिभेवर आला होता, मॅरिट. पण रायफलीच्या मागे तुझा गाल दिसला मला, लख्ख दिसला, आणि मी टॉर्च बंद केला. म्हटलं, "मला दिसत नाही रे. काहीच दिसत नाही."

वाटलं होतं, ओरडेल. तो डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "म्हातारे, काट्याची सुई रेषेवर आहे की नाही, हे मला ऑगस्ट संपल्यापासून धड कळत नाहीये. माप ठरलं होतं, म्हणून निभावेल असं वाटलं. म्हटलं, तू बघतेस ना." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मला हसू फुटलं. त्यालाही फुटलं. दोन आंधळ्यांचा कारखाना! मग त्याने पुंगळ्या एकेक करून डब्यात उलट्या करायला घेतल्या. प्रत्येक वेळी दारूचे कण खळखळत पडायचे. रांगेच्या मधल्या एका पुंगळीतून आवाज आला नाही. त्याने ती हलवली, बोटाने टिचकी मारली. काहीच पडलं नाही. आमचं हसणं तिथेच थांबलं. रात्रीचं जेवण कुणीच जेवलं नाही.

तेव्हापासून शेडला कुलूप आहे. तू विचारशील तेव्हा तो तुला सांगेल, गोळ्या यायला उशीर झालाय, नाहीतर माप अजून जुळत नाहीये. विश्वास ठेवू नकोस. माप जुळलंय, ते डब्यावर चिकटपट्टी लावून त्याच्या अक्षरात लिहिलंय. तू सुट्टी टाकून हंगामाच्या आठवडाभर आधी ये, हे सांगायला हे पत्र. तुझी काडतुसं तू भर, आणि तुझी मूसची शिकार झाल्यावर तो त्याच रायफलीने एल्कच्या शिकारीला जाईल, त्याचीही तूच भर. काल जेवताना मी त्याला विचारलं, "मॅरिटने भरलेली चालतील का तुला?" जन्मात कुणाचं काडतूस त्याने वापरलेलं नाही. तो बटाटे संपवून उठला. आज सकाळी भांडी घासताना खिडकीतून कडेकडेने मला दिसलं: तू लहानपणी ज्या उंच स्टुलावर बसून त्याचं काम बघायचीस, ते त्याने गोठ्यातून बाहेर काढलंय आणि त्याचा डुगडुगणारा पाय ठोकत बसलाय. टॉर्चमध्ये मी नवे सेल घालून ठेवते.

तुझीच,
आई