कान्हूची खोडलेली ओळ

मी, तामार शांतवन रणपिसे, वय सहासष्ट, निवृत्त शाळा-लिपिक, राहणार वरसे, तालुका रोहा, जिल्हा रायगड, माझी मालमत्ता व माझे मन यांची व्यवस्था या कागदावर स्वहस्ते लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणाचा धाकही नाही. धाक आहे तो मंगळवारचा. त्या दिवशी पनवेलला माझ्या डोक्यातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, जीव बहुतेक वाचेल. पण गाठ भाषेच्या जागेला चिकटलेली आहे, नंतर बोलता-वाचता येईलच असे नाही. म्हणून लिहायचे ते आजच. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. वरसे येथील दोन खोल्यांचे घर, जे मी माझ्या पगारातून घेतले, त्यातील भांडीकुंडी व बँकेतील ठेव माझी भाची लीया एलियास रणपिसे हिला मिळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

लीया, आणखी एक. मी जगले आणि मुकी झाले, तर रोज पवित्र शास्त्राचा एक अध्याय मला मोठ्याने वाचून दाखव. माझ्या चेहऱ्यावर काही दिसले नाही तरी थांबू नकोस. वकील म्हणतील हे मृत्युपत्रात बसत नाही. नाही बसले तरी चालेल.

२. माझा भाऊ एलियास याने, मी गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात असताना, माझ्या मासिकाचे दोन गठ्ठे रद्दीवाल्याला दिले. विचारले तर म्हणाला, "अगं, वाळवी लागली असती." वाळवी लागलेली नव्हती. त्याला मी मासिकाचा उरलेला संपूर्ण संच देत आहे. वाचलाच पाहिजे अशी अट नाही. विकायचा नाही, ही अट आहे.

३. हे मासिक म्हणजे ‘वाटेवरचा शब्द’. एकोणीस वर्षे मी ते रोह्यात हाताने फिरवायच्या यंत्रावर छापले आणि रोहा, पेण, माणगाव इथल्या विश्वासी ख्रिस्ती घरांत पाठवले. यंत्राचा रोलर चिरला आहे. कोणाला नको असेल तर भंगारात द्यावे, मला वाईट वाटणार नाही.

४. पेणच्या विमलबाई सोनवणे, निवृत्त शिक्षिका, यांना माझी पवित्र शास्त्राची मोठ्या अक्षरांची प्रत द्यायची होती. त्यांनी ती नाकारली. "ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. मला काही नको, मी सहीला येते," असे त्या फोनवर म्हणाल्या. म्हणून त्यांना देता येते ते इथेच लिहिते. विमलबाई, तुमचा लेख मला कधी एका बैठकीत वाचता आला नाही. अर्ध्यावर मासिक खाली ठेवून शास्त्र उघडावेच लागे, खरेच तिथे असे लिहिले आहे का ते पाहायला. स्वतःकडे न थांबवता वाचकाला आत पाठवणारे असे लिखाण मला एकोणीस वर्षांत एकदाही जमले नाही. याचा मला हेवा वाटत असे. आता वाटत नाही.

५. आता कान्हू धर्मा ठाकूर यांच्याविषयी. ते पेणच्या पलीकडे खाडीकाठी राहतात. सारा जन्म मिठागरात गेला, चौथी शिकलेले, आणि आमच्या मासिकातले सर्वांत खरे लेखक. हा परिच्छेद देणगीचा नाही, कबुलीचा आहे.

एका तुफानात कान्हूदादा होडीसकट खाडीत अडकले होते. शास्त्रातली, वादळात नावेत झोपलेल्या प्रभूची गोष्ट घेऊन त्यांनी त्यावर लेख पाठवला. त्यात लिहिले होते: "मी लय भ्यालो. तोंडातून परार्थना नाय निगाली. नुसती हाक निगाली, परभू, हायस का?" मी ती ओळ लाल शाईने खोडली. विश्वासी माणसाला भीती शोभत नाही, असे तेव्हा माझे मत होते. तिच्या जागी मी छापले: "त्या प्रसंगी माझे मन शांत व निर्भय होते." त्यांच्या नावाखाली मी खोटे छापले. लेखाचे फार कौतुक झाले.

गेल्या महिन्यात तपासणीसाठी मला त्या नळीसारख्या यंत्रात सरकवले. भर दुपार होती, बाहेर लीया बसली होती. डोके पट्ट्याने बांधलेले, कानाशी ठोकाठोक. मला पन्नासेक स्तोत्रे तोंडपाठ आहेत. एकाचीही पहिली ओळ आठवेना. मदतीसाठी हातात दिलेले बटण दाबायचेही सुचेना. तोंडातून निघाले ते एवढेच: प्रभू, आहेस का? ती ओळ कोणाची, ते बाहेर आल्यावर कळले आणि मी तिथल्या बाकावर बसून रडले.

मागच्या रविवारी लीया मला त्यांच्या गावी घेऊन गेली. कान्हूदादा ओट्यावर जाळ्याची भोके सांधत होते. डोळे गेल्यात जमा, बोटे चालतात. मी सगळे सांगितले. ते हसले.

"तामारबाय, मला ठावं व्हतं. अंक आला तवाच वाचला ना मी."

"मग बोलला का नाहीत, दादा?"

"तुमी शिकलेल्या. म्हटलं, छापाच्या कायद्यात बसत नसंल. पन वाटायला पंचवीस अंक धाडलेलेत ना? पंचवीसांवर पेनानं परत लिवली ती ओळ. मंग वाटले."

मी विचारले, आता भीती वाटत नाही का? म्हणाले, "वाटते की. रोज वाटते. आपन भ्यालो म्हनून परभू होडीतनं उतरून नाय जात."

येताना त्यांनी स्वतःजवळचा अंक माझ्या हातात ठेवला. समासात निळ्या पेनाने, वाकड्या अक्षरांत ती ओळ आहे.

माझी शास्त्राची प्रत कान्हू धर्मा ठाकूर यांना द्यावी. त्यांची नात त्यांना वाचून दाखवते.

६. त्या लेखावर माणगावहून एका बाईंचे पत्र आले होते. "मला तर फार भीती वाटते. म्हणजे माझा विश्वास खोटा का?" मी उत्तर दिले नाही. काय लिहावे ते मला माहीत नव्हते. पत्र माझ्या कपाटात, वरच्या फायलीत, पत्त्यासकट आहे. लीयाने त्याच फायलीतल्या कान्हूदादांच्या मूळ हस्तलिखिताची छायाप्रत त्या पत्त्यावर पाठवावी. बाई हयात नसतील तर घरात जे कोणी असेल त्याला द्यावी. सोबत माझ्या नावाने लिहावे: उत्तराला उशीर झाला, तुमचा विश्वास खोटा नव्हता, छापलेली ओळ खोटी होती.

७. माझ्या दफनविधीत माझ्या धैर्याबद्दल कोणीही बोलू नये.

हे मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि खालील साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: वरसे, ता. रोहा
दिनांक: १५ फेब्रुवारी २०२५

(सही) तामार शांतवन रणपिसे

साक्षीदार

१. निलेश कमळाकर म्हात्रे, शेजारी, डोलवीच्या कंपनीत नोकरी. शिफ्ट संपवून आलो. तामारबाईंनी माझ्यासमोर सही केली.
(सही)

२. विमल यशवंत सोनवणे, राहणार पेण. लिहिणारीने माझ्यासमोर सही केली. सही करताना तिने आधाराला माझा हात मागितला. कायद्याने सही तिचीच हवी, म्हणून मी हात दिला नाही. फक्त जवळ सरकून बसले. ती पूर्ण शुद्धीत आहे. ती फार घाबरलेली आहे. दोन्ही मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.
(सही)